मस्तकातल्या विजेचा मागोवा

मनातले ओळखण्याचा धंदा आपल्याकडे फार जुना आहे. शहादे तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात सुगी आटोपली की गुबुगुबु वाजवीत नंदीबैलवाला यावा, अंगणात बायकापोरांचे कडे पडावे, आणि पोरीचे लग्न यंदा जमेल का, परगावी गेलेला मुलगा सुखरूप आहे का, असल्या प्रश्नांना त्या सजवलेल्या जनावराने मान हलवून होकार द्यावा, हे दृश्य खानदेशात वाढलेल्या कोणाला सांगायला नको. मान हलते ती मालकाच्या दोरीमुळे, हे त्या कड्यातल्या बहुतेकांना ठाऊकच असते. तरीही पसाभर जोंधळे देऊन माणसे ती मान पाहायला जमतात. दुसऱ्याच्या, किंबहुना स्वतःच्याही, डोक्यात काय चालले आहे हे कळावे ही माणसाची हौस अशी जबर आहे.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी याच हौसेपोटी एक यंत्र घडवले. आरंभी त्याला एक अख्खी खोली लागे. आज ते कानामागे चिकटवून वरून केस सोडले तर शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. खोलीपासून कानामागेपर्यंतच्या या प्रवासात आपल्या लोणावळ्याचा, पुण्याचा आणि थोडा आपल्या खानदेशाचाही मुक्काम आहे, म्हणून दिवाळीच्या फराळासोबत ही कथा सांगावीशी वाटते.

मेंदूत वीज असते ही गोष्ट पहिल्यांदा दाखवली लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन या डॉक्टराने, १८७५ साली, सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर. माणसाच्या बाबतीत तो मान जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाकडे जातो, आणि त्याची गोष्ट मोठी विलक्षण आहे. तरुणपणी तो लष्करी शिक्षण घेत असताना घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता थोडक्यात वाचला. त्याच दिवशी संध्याकाळी घरून वडिलांची तार आली: खुशाली कळव. दूर गावी असलेल्या त्याच्या बहिणीला एकाएकी वाटले होते की भाऊ संकटात आहे, आणि तिनेच वडिलांना तार करायला लावले होते. आपल्या मनातली भीती कोणत्यातरी शक्तीच्या रूपाने बहिणीपर्यंत पोचली असली पाहिजे, या कल्पनेने बेर्गरला जन्मभर पछाडले. ती शक्ती त्याला सापडली नाही. सापडली ती भलतीच गोष्ट.

१९२४ साली त्याने शस्त्रक्रियेमुळे कवटीत फट राहिलेल्या एका तरुण रुग्णाच्या डोक्यावर तारा लावून एका नाजूक गॅल्व्हनोमीटरच्या साहाय्याने मेंदूतल्या विजेची थरथर टिपली. पुढे अखंड कवटीवरून, चांदीच्या पत्र्या लावून, ती टिपता येते असे त्याला आढळले. त्याचा मुलगा क्लाउस याच्या डोक्यावर त्याने हे प्रयोग वारंवार केले. पाच वर्षे त्याने हे जगापासून लपवून ठेवले, कारण त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. १९२९ साली निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा इतरांचाही बसला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कोठे विद्वानांची खात्री पटली.

ही वीज किती, याची कल्पना द्यायची तर हातबत्तीतला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. कवटीवर मिळणारा दाब त्याच्या सुमारे तीस हजारावा भाग. अब्जावधी पेशींपैकी जवळच्या लाखो पेशी एका तालात स्पंदू लागल्या म्हणजेच तो बाहेर जाणवतो. जत्रेच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला एकेकट्याचे बोलणे ऐकू येत नाही, पण सगळ्यांनी एकदम गजर केला की येतो, तसे हे आहे. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला म्हणजे सेकंदाला आठ ते तेरा या गतीने ज्या लहरी उमटतात त्यांना बेर्गरने ‘आल्फा’ हे नाव दिले. डोळे उघडले, किंवा मनात बेरीज-वजाबाकी सुरू केली, की त्या विरून जातात. म्हणजे या यंत्राला गजर चालू आहे की थांबला एवढे कळते. गजर कोणत्या देवाचा हे कळत नाही. ही मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे एका न्यायालयात तिचा विसर पडलेला आपल्याला दिसणार आहे.

आता योगायोग पाहा. ज्या १९२४ साली येनाला बेर्गर तारा जोडीत होता, त्याच साली लोणावळ्याच्या माळावर स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ सालचा, गुजरातेतल्या डभईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावलेला हा बुद्धिमान तरुण बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाला, आणि नंतर आमच्या खानदेशात, अमळनेरला, खानदेश शिक्षण मंडळाच्या कामात पडून तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. अमळनेरची माती त्या काळी अशा माणसांना मानवत असे. पुढे साने गुरुजीही तिथेच शिकवीत होते. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास हे गुणे यांचे योगातले गुरू.

गुरूंकडून मिळालेल्या विद्येबद्दल नितांत श्रद्धा, पण तिला चिमटा काढून पाहण्याची तयारीही तितकीच, असा दुर्मिळ मेळ स्वामीजींच्या ठिकाणी होता. नौली आणि उड्डियान करताना पोटात नेमके काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांचा उपयोग केला. बस्तीच्या क्रियेत पाणी आपोआप आत ओढले जाते, ते कसे? स्वामीजींनी आतड्यात नळी ठेवून दाबमापक जोडला, आणि नौलीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे पाऱ्यावर दाखवले. त्या निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले, ‘माधवदास निर्वात’. गुरूच्या नावाने मठ, धर्मशाळा, घाट बांधणारे शिष्य पुष्कळ. ऋण दाबाला गुरूचे नाव देणारा शिष्य हा एकच असावा.

असा आश्रम असल्यावर यंत्र घेऊन आलेल्या पाहुण्याचे तिथे स्वागत होणार हे ओघानेच आले. १९५७ साली असे दोन पाहुणे आले. एक मॅरियन वेंगर, कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ. दुसरे बसुकुमार बागची, मिशिगन विद्यापीठातले मेंदूच्या आलेखांचे तज्ज्ञ. या बागचींची कथा कादंबरीत शोभावी अशी आहे. परमहंस योगानंदांचे ते बालमित्र, त्यांच्या रांचीच्या शाळेतले सहकारी. स्वामी धीरानंद या नावाने ते योगानंदांच्या कार्यासाठी अमेरिकेत गेले होते. १९२९ साली ती वाट सोडून त्यांनी विद्यापीठाची वाट धरली, भगव्याऐवजी डॉक्टरचा पांढरा डगला चढवला, आणि तीसएक वर्षांपूर्वी ज्या विषयावर व्याख्याने द्यायची त्याच विषयाचा आलेख काढायला ते मायदेशी आले. सोबत आठ लेखण्यांचे, म्हणजे एकाच वेळी आठ रेघा काढणारे, मेंदूच्या आलेखाचे यंत्र होते. त्याला ‘पोर्टेबल’ म्हणत. त्या काळी माणसाला उचलता येईल ते पोर्टेबल, अशी त्या शब्दाची व्याख्या होती. किती माणसांना, याचा उल्लेख करीत नसत.

एक जुना वादही निकालात काढायचा होता. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाईंनी हिंदुस्थानात येऊन, योगी हृदय जवळजवळ थांबवू शकतात असे आलेखांवरून सुचवले होते. वेंगर-बागची यांनी लोणावळ्यासह देशात ठिकठिकाणी योग्यांची तपासणी केली. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांची नाडी हाताला लागेनाशी होई, ठोकाही ऐकू येईनासा होई, पण आलेखावर हृदय आपले चालूच असे. श्वास कोंडून छातीचे आणि पोटाचे स्नायू ताणल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते, त्याचा हा परिणाम. एका योग्याला मात्र केवळ इच्छेने, काही मिनिटांत, कपाळावर घाम आणता येत असे. हिमालयातल्या थंड गुहांत राहताना उबेची कल्पना करीत करीत त्याला ते साधले होते. हा पुरावा त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवला. ध्यानाविषयीचा त्यांचा निष्कर्ष असा, की त्यात शरीराची स्वयंचलित यंत्रणा खोल विसावते, पण माणूस झोपलेला नसतो, पेंगतही नसतो.

याच्या आधी, १९५५ साली, दास आणि गास्तो या जोडीने कलकत्त्याच्या क्रियायोग्यांच्या मेंदूत अतिजलद लहरी पाहिल्याचे प्रसिद्ध केले होते. वेंगर-बागचींना तसले काही दिसले नाही. मग १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांचा निबंध आला. त्यांच्या योग्यांना समाधीत असताना प्रखर उजेड दाखवला, मोठा आवाज केला, तापलेल्या वस्तूचा स्पर्श केला. आल्फा लहरी ढळल्या नाहीत. दोन योग्यांनी चार अंश सेल्सिअस इतक्या थंड पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, तरी आलेख तसाच शांत. तीन ठिकाणची तीन उत्तरे. त्यांतले कोणते खरे हा वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि माणसे निवडक, योगप्रकार निराळे, यंत्रे निराळी असताना तो त्या वेळी मिटणेही शक्य नव्हते. मला स्वतःला वेंगर-बागचींचा सावध सूर अधिक पटतो.

या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट इतकी सहज होती की कोणी तिची नोंदही घेतली नाही. डोक्याला चकत्या चिकटवलेल्या, छातीला पट्टा, बोटांना तारा, बाजूला खरखर करणारी पेटी; एवढा सरंजाम अंगावर चढल्यावर ‘आपली तपासणी चालली आहे’ हे योग्याला सांगावे लागत नव्हते. तो मनात आले तर उठून जाऊ शकत होता. यंत्राचे ओझे हीच एक प्रकारची प्रामाणिक दवंडी होती.

ते ओझे कमी करण्याची धडपड मात्र आधीच सुरू झाली होती. अमेरिकेतल्या मोंटाना प्रांतात नॉर्मन हॉल्टर याने १९४०च्या दशकाअखेर हृदयाची स्पंदने रेडिओने पाठवणारे यंत्र पाठीवर बांधले. वजन पंच्याऐंशी पौंड, म्हणजे जवळजवळ मणभर. मेंदूच्या लहरी रेडिओने पाठवण्याचे प्रयत्नही त्याच सुमाराचे. १९७०च्या दशकात कॅसेटवर चोवीस तासांचा मेंदू-आलेख घेता येऊ लागला आणि रुग्ण पहिल्यांदा पलंगावरून उठून घरी गेला. ट्रान्झिस्टर, मग चिप, मग खिशातला मोबाइल. पुढची पावले इतकी भराभर पडली की त्यांचा हिशेब देत बसण्यात अर्थ नाही. २०१४ साली कॅनडातल्या एका कंपनीने कपाळावर बांधायची पट्टी विकायला काढली. ती लावून ध्यानाला बसावे. मन भटकले तर कानात वादळ सुरू होते, स्थिर झाले तर पाखरे किलबिलतात. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसलेल्या त्या दिल्लीच्या योग्याला ही पाखरे ऐकवायला हवी होती.

पण डोक्यावरच्या यंत्रांना एक अडचण नेहमी येते, आणि ती आपल्या दिवाळीशी निगडित आहे: तेल. इस्पितळात मेंदूचा आलेख काढायला जायचे तर आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता या असे बजावतात, कारण तेलाच्या थरातून ती इवलीशी वीज चकतीपर्यंत पोचत नाही. म्हणजे नरकचतुर्दशीच्या सकाळी आपल्यापैकी कोणाचाही मेंदू या शास्त्राला अगम्य. त्यावर तोडगा म्हणून संशोधकांनी केस नसलेली जागा शोधली. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठातल्या मंडळींनी २०१५ साली कानाभोवती चिकटवायची, अर्धचंद्राच्या आकाराची, दहा चकत्या छापलेली लवचिक पट्टी जाहीर केली. नोंद मोबाइलवर होते. श्रवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेन्मार्कमध्ये आणि लंडनमध्ये कानाच्या आतच बसणारी गुटी तयार झाली. डेन्मार्कच्याच एका संस्थेने त्याहीपुढे जाऊन कानामागच्या कातडीखाली बारीक तार बसवली आणि आठवडेच्या आठवडे नोंद घेऊन दाखवली. या कानवाल्या यंत्रांची एक गंमत आहे. जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेहून कितीतरी मोठी. अंगावर असे यंत्र असताना खमंग चकली कडाकडा खाल्ली तर आलेखावर मेंदू दिसतच नाही, नुसती चकली दिसते.

पण असे लपवून लावायचे यंत्र हवेच कोणाला? या प्रश्नाचे उत्तर देताना माझी लेखणी थोडी जड होते. ते हवे असते फेफरे येणाऱ्याला.

अपस्मार, मिरगी, आकडी, फीट, अशी या दुखण्याला कितीतरी नावे आहेत, आणि प्रत्येक नाव दबक्या आवाजातच घेतले जाते. जगात सुमारे पाच कोटी माणसांना हे दुखणे आहे, आपल्या देशात एक कोटीच्या आसपास. मेंदूतल्या पेशींचा गजर एकाएकी बेताल, एकसाथ आणि अनावर झाला म्हणजे झटका येतो. भूतबाधेचा, शापाचा किंवा वेडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. नियमित औषधांनी दहांतल्या सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. तरी आजही माणूस रस्त्यात पडला की कोणी कांदा आणायला धावतो, कोणी पायातली चप्पल काढून नाकाशी धरतो. झटका दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतो आणि श्रेय मिळते चपलेला. खरे पाहता त्या वेळी माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यावे, तोंडात काही कोंबू नये आणि पाच मिनिटांच्या वर चालले तर इस्पितळाची वाट धरावी, एवढेच करायचे असते.

निदानात मुख्य अडचण ही, की इस्पितळात आलेख निघतो वीस-तीस मिनिटांचा, आणि झटका काही वेळ ठरवून येत नाही. केळीच्या बागेत, कापसाच्या वेचणीत, रात्री झोपेत केव्हा आला आणि केव्हा गेला, हे पुष्कळदा रुग्णालाही कळत नाही. काही झटके तर असे की माणूस क्षणभर शून्यात पाहतो, एवढेच. डॉक्टर औषधाची मात्रा ठरवणार कशावरून? इथे आठवडाभर अंगावर राहणारे यंत्र उपयोगी पडते, आणि ते दिसत नाही हा त्याचा छानछोकीचा भाग नसून औषधाइतकाच मोलाचा गुण आहे. कारण चारचौघांत डोक्याला तारा लावून फिरणाऱ्या मुलीच्या घरी पुन्हा स्थळ सांगून कोण येणार?

हे मी वाढवून सांगत नाही. कायद्यानेच हा कलंक छापून ठेवला होता. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा विवाहाच्या अटींत वेडाच्या जोडीला अपस्मार आणून बसवला. वारंवार फेफरे येणाऱ्या माणसाचे लग्न जोडीदाराच्या अर्जावरून रद्दबातल होऊ शकत असे. तेवीस वर्षे ते शब्द कायद्याच्या पुस्तकात राहिले. १९९९ साली ते काढून टाकण्यात आले. पुस्तकातला शब्द गाळायला संसदेचा एक ठराव पुरला. ब्राह्मणपुरीत, शहाद्यात किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत तो शब्द मनांतून गाळणारी संसद मात्र अजून भरायची आहे, आणि तोपर्यंत कानामागच्या पट्टीला पदराचा किंवा केसांचा आडोसा लागणार.

आता पुण्याच्या खटल्याकडे वळू, कारण हीच वीज दुसऱ्याच एका कामाला कशी जुंपली गेली ते तिथे दिसले. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ चंपडी रामन मुकुंदन यांनी एक पद्धत बसवली होती. संशयिताच्या डोक्यावर चकत्यांची टोपी चढवायची, त्याला डोळे मिटून गप्प बसायला सांगायचे, आणि गुन्ह्याविषयीची वाक्ये एकेक करून ऐकवायची. ज्याने ती कृती प्रत्यक्ष केली असेल त्याच्या मेंदूत अनुभवाची आठवण जागी होते आणि यंत्राला ती कळते, असा या पद्धतीचा दावा. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली, तेव्हा इतर पुराव्यांच्या जोडीला हा आलेखही ग्राह्य धरला. मेंदूच्या अशा आलेखाचा आधार घेऊन दोषी ठरवल्याची ही गोष्ट जगभर गाजली. अमेरिकेतले शास्त्रज्ञ तर डोळे विस्फारून पाहू लागले. नंतर आरोपींना मुंबई उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. त्याच वर्षी बंगलोरच्या त्याच संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, ही पद्धत शास्त्रीय नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नये, असे मत दिले.

माझ्या मते यात दोन वेगळे दोष होते, आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिला शास्त्राचा. यंत्राला गजर ऐकू येतो, शब्द नाहीत, हे आपण वर पाहिलेच. एखादे वाक्य शंभर वेळा पोलिसांच्या तोंडून ऐकलेल्या निरपराध माणसाच्या मेंदूतही ते वाक्य ऐकून काहीतरी हलणारच. दुसरा दोष अधिक खोल आहे: समजा उद्या हे शास्त्र अचूक झाले, तरी माणसाच्या कवटीचे दार त्याच्या मर्जीविरुद्ध उघडायचे की नाही? या दुसऱ्या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी उत्तर दिले. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सरन्यायाधीश बालकृष्णन, न्यायमूर्ती रवींद्रन आणि न्यायमूर्ती पांचाळ यांनी सांगितले की गुंगीचे औषध देऊन केलेली चौकशी, खोटे पकडणारे यंत्र आणि मेंदूचा आलेख, यांपैकी काहीही माणसाच्या संमतीवाचून करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू नये असे घटनेच्या विसाव्या कलमात आहे. तोंडाने द्यायची साक्ष आणि डोक्यातून काढून घेतलेली साक्ष यांत न्यायालयाने भेद केला नाही. जगातल्या पुष्कळ पुढारलेल्या देशांच्या न्यायालयांपुढे हा प्रश्न यायच्याही आधी आपल्याकडे तो तडीस लागला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण त्या निकालाने हात बांधले ते पोलिसांचे. इतरांचे काय? २०१९ साली चीनच्या चच्यांग प्रांतातल्या चिन्हुआ शहरातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळांवर पट्ट्या बांधल्याचे जगाने पाहिले. मूल एकाग्र असेल तर पट्टीवरचा दिवा लाल, मन भटकले तर निळा. आणि प्रत्येकाचा हिशेब गुरुजींच्या संगणकावर आणि आईबापांकडे. त्यावर गहजब झाला आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी पट्ट्या थांबवल्या. खिडकीतून दिसणाऱ्या चिमणीकडे पाहत बसण्याचा शाळकरी पोराचा सनातन हक्क तूर्त वाचला. २०२३ साली चिली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका माजी सिनेटरच्या अर्जावरून, डोक्यावरच्या पट्टीतून गोळा केलेली त्याच्या मेंदूची नोंद कंपनीने पुसून टाकावी असा हुकूम दिला. त्या देशाने २०२१ सालीच मेंदूच्या हालचालीला आणि तिच्या नोंदीला घटनेत संरक्षण दिले होते. आपल्याकडे २०२३ साली खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमतीवर भर आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. मेंदूच्या आलेखाचा मात्र वेगळा उल्लेख नाही. दुकानातल्या बिलावरचा फोन नंबर आणि मस्तकातली वीज यांना कायद्याने एकाच फडताळात ठेवले आहे.

लोणावळ्याच्या त्या अवजड पेटीची मला आठवण येते ती इथे. ती पेटी कोणापासून लपू शकत नव्हती, आणि तिच्यासमोर बसणारा माणूस तिच्याकडे पाहून हो किंवा नाही म्हणू शकत होता. कानामागच्या पट्टीला हो म्हणणारी एखाद्या घरातली सून असेल, तर तिचे ते ‘हो’ कोणाच्या समोर, कोणाच्या सांगण्यावरून निघाले आहे हे आलेखात उमटत नाही. झटके मोजण्यासाठी लावलेल्या यंत्राला ती रात्री केव्हा झोपली, केव्हा जागी होती, हेही कळते. नोंद जाते ती मोबाइलवर, आणि पुष्कळ घरांत चांगला मोबाइल एकच असतो. तो बहुधा तिच्या हातात नसतो.

म्हणून उद्या नंदुरबारच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या डॉक्टराने असे यंत्र कोणाच्या कानामागे चिकटवायचे ठरवले, तर केसांना तेल लावले आहे का या नेहमीच्या प्रश्नाच्या जोडीला त्याने आणखी एक प्रश्न विचारावा. तो तिलाच विचारावा, बरोबर आलेल्या मंडळींना घटकाभर बाहेरच्या बाकावर बसवून: बाई, ही नोंद कोणाच्या फोनवर पाठवू?